नेस्टेड इफला मराठीत काय म्हणावं?

खटपट्या: सहकाऱ्यांसाठी एक्सेलच्या मॅक्रोंवर (कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर) मराठीत टिपण लिहितोय. 'नेस्टेड इफ'ला, म्हणजे एका अटीच्या आत लिहिलेल्या दुसऱ्या अटीला, 'घरटी अट' लिहिलं, तर एकाने विचारलं, "म्हणजे घरटी एक अट का?" झालं, टिपण राहिलं बाजूला. मला खरं तर दोन शब्द हवेत. एल्सइफ ('नाहीतर जर') जोडून लिहिला की अटी एकाखाली एक येतात, सगळ्यांना मिळून एकच एंड इफ (अट संपल्याची खूण) पुरतो. एल्सखाली नव्या ओळीवर इफ मांडला, तर तो आतला होतो आणि त्याला त्याचा एंड इफ लागतो.

शुद्धमती: 'नीडित' लिहा. नीड म्हणजे घरटं; नि + सद्, बसणे. लॅटिन निडुस आणि इंग्रजी नेस्ट ही त्याचीच भावंडं. आयता घरचा शब्द आहे.

खटपट्या: लोक 'पीडित' वाचतील. तेही चूक नाही म्हणा.

जुनाखातेवही: पोटअट! पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू चालतात ना? एक्सेल 2003 मध्ये सूत्रात सातच पोटं चालायची, 2007 पासून 64 झाली. मॅक्रोत मी एकदा चार पोटांत एक एंड इफ विसरलो. तक्रार काय आली, तर 'नेक्स्ट विदाउट फॉर', म्हणजे फेरा संपवणारा नेक्स्ट आहे, पण सुरू करणारा फॉर नाही. फॉर डोळ्यांसमोर होता! अर्धा दिवस गेला.

सरळवाट: कशाला हा खटाटोप? सगळे 'नेस्टेड इफ'च म्हणतात. नाहीतर दोन्ही अटी अँडने जोडा, पोटच नको.

जुनाखातेवही: व्हीबीएतला, म्हणजे मॅक्रोंच्या भाषेतला अँड पहिली अट खोटी ठरली तरी दोन्ही बाजू तपासतो हो. शोधणाऱ्या फाइंडला काही सापडलं नाही आणि त्याच ओळीत त्याची किंमत विचारली, की एरर 91. आधी सापडलं का, मग पोटात किंमत.

शुद्धमती: 'पोट' गौण गोष्टीला लावतात. आतली अट गौण कशी? त्यापेक्षा 'गर्भित' बरं.

सरळवाट: गर्भित अट म्हणजे न सांगितलेली अट. इथे तर ओळ लिहून सांगितलीय.

खटपट्या: बरं, पोटअट घेतो. पण एल्सइफला? 'उतरंड' कसं वाटतं?

शुद्धमती: उतरंडीत मडकी एकावर एक असतात. तुमच्या अटी एकाखाली एक.

जुनाखातेवही: मडकी राहू द्या. अट स्त्रीलिंगी, मग तुम्ही सगळे 'तो इफ' का म्हणताय?