रॉकस्टार नायक, जुनी मैत्रीण आणि न सांगितलेला भूतकाळ

प्रश्न : कोरा_कागद
मी एक प्रेमकादंबरी लिहीत आहे. नायक एका रॉक बँडचा गायक असून नायिका त्याच बँडची साउंड इंजिनीअर आणि त्याची शाळेपासूनची मैत्रीण आहे. लहानपणी वडिलांच्या मारहाणीत गेलेल्या वर्षांबद्दल त्याने आजवर कोणालाच, अगदी तिलाही, काही सांगितलेले नाही. माझ्या खर्ड्यात निम्म्या कादंबरीनंतर दोघे प्रेमात पडतात, तो तिच्याजवळ मन मोकळे करतो आणि पुढच्याच प्रकरणात त्याची दुःस्वप्ने थांबतात. हे माझे मलाच खोटे वाटते, पण नेमके कुठे चुकते आहे ते सापडत नाही.

प्रतिसाद : निशिगंध
चूक त्या ‘पुढच्याच प्रकरणात’ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली आणि तिच्यात, दीर्घकाळ व पुन्हा पुन्हा सोसलेल्या अत्याचारांनंतर अनेकदा आढळणाऱ्या गुंतागुंतीच्या आघातोत्तर ताणविकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. दुःस्वप्ने आणि सततची सावधगिरी यांच्या जोडीला त्यात भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि जवळीक टिकवणे अवघड जाणे ही लक्षणे सांगितलेली आहेत. यातले शेवटचे लक्षण म्हणजे तुमचे कथानकच आहे. मैत्री त्याला इतकी वर्षे निभावता आली, कारण तिने त्याच्याकडे काहीच मागितले नव्हते. प्रेमाची चाहूल लागताच तो सुखावण्याऐवजी बिथरेल, एखाद्या क्षुल्लक कारणावरून भांडण उकरून काढेल, आणि सगळे सांगून टाकल्यानंतरचे काही दिवस तर आधीपेक्षाही वाईट जाऊ शकतील.

प्रतिसाद : सहावी_तार
नायिकेचा व्यवसाय तुम्ही वाया घालवत आहात. प्रेक्षकांना ऐकू येणारा आवाज जुळवणारी व्यक्ती त्यांच्यामध्ये बसते, तर कलाकारांच्या कानात जाणारा आवाज जुळवणारी मॉनिटर इंजिनीअर मंचाच्या कडेला उभी असते आणि गायकाशी थेट त्याच्या कानात बोलू शकते. नायिकेला हे दुसरे काम द्या. कानातल्या मॉनिटरमुळे, म्हणजे गायक कानात घट्ट बसवतो त्या इअरफोनमुळे, बाहेरचा आवाज बराचसा बंद होतो. ज्याचे बालपण मागून येणाऱ्या पावलांचा कानोसा घेण्यात गेले, त्याला ते असह्य होईल आणि तो गाताना एका कानातले मॉनिटर सारखे काढत राहील. त्याला गर्दीचा जल्लोष ऐकायचा असतो, अशी तिची अनेक वर्षे समजूत असावी. (एक कान उघडा ठेवणारे दुसऱ्या कानातला आवाज वाढवून घेतात आणि त्याने श्रवणशक्तीला धोका पोहोचतो, म्हणून ती त्याला रागावतही असेल.) मग एके दिवशी तिच्या लक्षात येते की तो प्रत्येक वेळी समोर नव्हे, मागे पाहतो. ती काहीही न विचारता मंचाच्या मागच्या बाजूला एक मायक्रोफोन लावते आणि त्याचा आवाज त्याच्या कानात सोडते. त्या रात्री तो दोन्ही कानांत मॉनिटर ठेवून गातो.

प्रतिसाद : उंबरठा
मायक्रोफोनची कल्पना मला फार आवडली, परंतु दोन गोष्टी खटकतात. तो बँडचा चेहरा आहे आणि ती त्याच बँडकडून पगार घेते. संबंध बिनसले तर नोकरी तिची जाईल, त्याची नाही, याची जाणीव दोघांना असायला हवी. शिवाय इतक्या जुन्या मित्रांमध्ये थट्टा नसेल तर ती मैत्री वाचकाने का मानावी? नाहीतर कादंबरीचा केसपेपर व्हायचा.

कोरा_कागद
मन मोकळे करण्याचे ते प्रकरण मी काढून टाकले आहे. मायक्रोफोन आता निम्म्या कादंबरीच्याही आधी येईल. पण मग त्याने तिला कधीच सांगू नये का?

सहावी_तार
सांगावे, पण मायक्रोफोन कशासाठी लावला होता हे त्याने स्वतः विचारल्यानंतर. तो प्रश्न विचारायला त्याला शंभर पाने लागली तरी चालतील.