चित्र काढताना लक्ष लागतं, तरीही एडीएचडी असू शकतो

'माझी मुलगी तासभर मान वर न करता चित्रं काढते, वर्गात दंगा करत नाही, मग तिला एडीएचडी कसा असेल?' असं एका ताईंनी विचारलंय. असू शकतो. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चळवळ, उतावीळपणा आवरणं जड जातं अशी मेंदूच्या वाढीतली स्थिती. आवडीच्या कामात पार बुडून जाणं त्यात सर्रास दिसतं. गाडी अडते ती कंटाळवाणं काम नेटाने पूर्ण करायचं म्हटलं की. शिवाय चळवळेपणा नसलेला, नुसतं लक्ष निसटत राहणारा प्रकारही असतो. मुलींमध्ये तो फार वेळा नजरेतून सुटतो, कारण गप्प बसलेल्या मुलीची तक्रार शाळा कशाला करेल?

माझ्या भाचीच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा, 'हुशार आहे, पण धांदरट'. तपासणीला जाताना बहिणीने ती प्रगतिपुस्तकं आणि जुन्या वह्या सोबत नेल्या, त्याचा खूप उपयोग झाला. गणिताची रीत बरोबर, पण अधिकाचं चिन्ह मध्येच वजा झालेलं. निबंध तिसऱ्या ओळीतच सोडलेला. निदानासाठी लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे कळत नाही. त्यामुळे असा कागद फेकू नका, प्लीज. कान-डोळे आधी तपासून घ्या. अध्ययन अक्षमतेचीही (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) चाचणी करा, ती आणि एडीएचडी पुष्कळदा एकत्र असतात. सुरुवात कुठून करावी हेच कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.