पंप फिरतो, पण टाकीत पाणी चढत नाही (सत्तरी, गोवा)

परसातली विहीर:
वाळपईजवळ घर आहे. जांभ्या दगडातली विहीर, काठावर एक एचपीचा मोनोब्लॉक पंप. शिमग्यापर्यंत तक्रार नव्हती. एप्रिल लागला तसा पंप सकाळी बरा चालतो, मग पाइपात फुसफुस होते आणि पाणी बंद. मोटर मात्र गरगर फिरतेच आहे. वरून पाणी भरून चालू केला की पुन्हा तेच. मेकॅनिकने फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) बदलून पैसे घेतले, आता म्हणतो पंपच बदला. आई म्हणते, आधी दोरी-बादली काढ. काय करू?

कोपरकर:
कंडेन्सर बघा.

डिचोलीचा वायरमन:
मोटर फिरते म्हणतायत ना, मग कंडेन्सर कसला? तो गेला की मोटर नुसती गुंऽऽ करून तापते. भाऊ, इतक्यात पंप बदलू नका. मेन स्विच काढा, वरचा प्लग उघडून काठोकाठ पाणी भरा आणि थोडं थांबा. पातळी उतरली तर एकतर फूट व्हॉल्व्ह धरत नाही, किंवा सक्शनचा, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाचा, जोड सैल आहे. सैल जोड तेव्हाच बाहेरून ओला दिसतो, चालू पंपात तिथून नुसती हवा आत जाते. आणि दोरीला दगड बांधून पंपापासून पाणी किती खोल आहे तेही मोजा. पंप बंद पडल्याबरोबर मोजायचं, सकाळचं माप कामाचं नाही.

परसातली विहीर:
भरलेलं पाणी उतरलं नाही, जोडही कोरडे. पाणी सकाळी २१ फुटांवर, बंद पडल्यावर २५. फूट व्हॉल्व्ह तेव्हाही बुडालेलाच होता.

डिचोलीचा वायरमन:
मग पंपाचा दोष नाही. काठावरच्या पंपात पाणी चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि तो दाब कागदावरसुद्धा जेमतेम १० मीटर चढवतो. प्रत्यक्षात सात मीटर, म्हणजे २३ फुटांच्या आसपास दम संपतो. असाच दुसरा पंप आणलात तरी तोही तिथेच अडेल. तूर्त डिलिव्हरीचा, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवा, म्हणजे झरे भरतील तितकंच उपसलं जाईल. फुसफुस सुरू झाली की लगेच बंद करा, कोरडा फिरला तर सील जळतं. कायमचं हवं असेल तर ओपनवेल सबमर्सिबल घ्या, तो पाण्यात बसून वर ढकलतो. काहीजण पंपच विहिरीत खाली उतरवतात, पण जूनमध्ये पाणी चढायच्या आत तो वर काढायची आठवण कोण ठेवणार?

कोपरकर:
सबमर्सिबल घेतलात तर कोरडा पडल्यावर आपोआप बंद होणारा स्विचही लावा. झरे काही वाढणार नाहीत.