संप हा शेवटचा डाव
'युनियनला बोलायचंच नसतं, थेट संप हवा असतो' असं कामगार-मालक वाटाघाटींबद्दल एकांनी लिहिलंय. पटलं नाही. संपात कामगाराचा पगार बुडतो आणि मालकाचं उत्पादन; त्या धास्तीवरच तर सौदा होतो. युनियनच्या मागणीपत्रातला पगारवाढीचा आकडा मुद्दाम चढा, व्यवस्थापनाचा पहिला प्रस्ताव मुद्दाम कमी, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं! खरी झटापट शब्दांवर. 'ओव्हरटाइम देता येईल' की 'दिला जाईल', एवढ्यावर अख्खी रात्र जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ चा ९८ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करारही (कन्व्हेन्शन) स्वेच्छेच्या वाटाघाटींना उत्तेजन द्या असंच सांगतो. आणि हो, युनियन आणि व्यवस्थापनातल्या चालू कराराची मुदत कधी संपते तेही बघा. ऐन मागणीच्या हंगामात संपत असेल, तर युनियनचं पारडं आपोआप जड होतं.