मदत हवी आहे: मेडिकलवाले इन्सुलिन बदलून देत नाहीयेत

नमस्कार मंडळी, कोथरूडमध्ये कोणाला असा अनुभव आलाय का? आईचं इन्सुलिन आम्ही एका मोठ्या चेनच्या मेडिकलमधून मागवतो, यावेळी डिलिव्हरीवाल्याने भर दुपारी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणून दिलं, आईस पॅक वगैरे काहीच नाही, कार्ट्रिजचा बॉक्स हाताला चक्क गरम लागत होता. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, बॉक्सवरच छापलंय. दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणे फ्रिजचा माल परत घेत नाही, कस्टमर केअरला फोन करा. तिथे नुसती तक्रारीची तिकीटं काढतात, पुढे काही नाही. फार्मासिस्टशी बोलायचंय म्हटलं तर "सर जेवायला गेलेत".

पैशांपेक्षा मला आईची काळजी आहे हो, खराब झालेलं इन्सुलिन दिसायला अगदी नॉर्मल असू शकतं आणि शुगर वाढल्यावरच कळतं. बिल, फोटो सगळं आहे. तक्रार एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) करू की १९१५ ग्राहक हेल्पलाईनवर? कोणी केली असेल तर प्लीज सांगा. आणि नीट बर्फात पॅक करून देणारं मेडिकल माहीत असेल तर तेही कळवा, आजच नवीन घ्यायचंय.