मदत हवी आहे – लाकडात सुपर कॉन्स्टलेशन विमान कोरायचंय, बॉडीचं वळण कसं काढू?

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, नोकरी उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये, लाकूडकाम आपलं हौस म्हणून. आधी एक डाकोटा विमान करून झालंय, बरं जमलं, घरच्यांनी शोकेसमध्ये ठेवलं, त्यामुळे आता अंगात आलंय. लॉकहीड सुपर कॉन्स्टलेशन करायचंय, चार इंजिनं, तीन शेपट्या, 1:72 मध्ये म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, सगळं लाकडाचं.

हेच विमान का, तर मामा नेव्हीत होते, दाबोळीला, ह्याच विमानावर. एअर इंडियाची ही विमानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला एअरफोर्सकडे गेली, पुण्याला लोहगावला होती, नि 1976 ला त्यातली नेव्हीनं घेतली. मामा अजून कोणी पाहुणा आला की त्याच विमानाच्या इंजिनांबद्दल सांगत बसतात, एकेका इंजिनाला 18 सिलिंडर, त्यातला कुठला तेल गळतोय हे आवाजावरनं कळायचं म्हणतात, खरं-खोटं तेच जाणोत. दिवाळीला द्यायचा विचार आहे.

आता अडचण. डाकोटाची बॉडी लेथवर फिरवून घेतली होती नि बाकीचं पटाशीनं. ह्याचं ड्रॉइंग घेऊन ओळखीच्या टर्नरकडे गेलो तर तो बघून म्हणाला भावा ह्याला सेंटर लाइनच नाही, मी बांधू कुठं नि फिरवू काय. बरोबरच आहे त्याचं. नाक खाली झुकलेलं, पोट मधे, शेपूट वर उचललेली, आख्खी बॉडीच वाकडी. मग हे लोक लाकडात करतात कसं? नुसतं डोळ्यानं कोरत गेलो तर डावी-उजवी बाजू सारखी येणार नाही ही भीती आहे.

दुसरं म्हणजे लाकूड. एक जुनं घर पाडलं तिथला सागवानी वासा मिळालाय, चांगला जुना, वाळून खडखडीत झालेला. आणि खानापूरच्या वखारीतनं पावतीसकट घेतलेला शिवणीचा एक ठोकळा आहे. बॉडीला काय वापरू? रंग द्यायचा नाहीये, लाकूड दिसलं पाहिजे, फार तर इंजिनं नि नाक गडद लाकडाचं.

तिसरं, शेपट्या. 1:72 ला त्या जेमतेम 3 मिलिमीटर जाडीच्या येतात, पुसताना फडकं अडकलं तरी मोडतील असं वाटतंय. आणि इंजिनांपुढच्या पंख्यांची (प्रोपेलरची) पाती, तीन-तीनची चार, म्हणजे बारा. पारदर्शक ॲक्रिलिकची गोल चकती लावतात ते बघितलंय पण ते मला टेबल फॅनच्या जाळीसारखं वाटतं, पाती पाहिजेतच.

आणि एक, माझ्याकडे नेटवरची दोन ड्रॉइंग आहेत, दोन्हींवर नुसतं कॉन्स्टलेशन लिहिलंय, पण लांबी जुळत नाही. कुठलं धरू? लाकडाला करवत लावायच्या आत सांगा.

निपाणीचा पक्षी:
थ्रीडी प्रिंट मारा की सरळ. एका रात्रीत होईल.

अनगोळकर:
मारतो, आणि मामांना सांगतो हे सागवान आहे म्हणून. 🙏

जुना प्रवासी:
ड्रॉइंगचं सांगतो, ते सगळ्यात सोपं. खिडक्या बघा. गोल असतील तर ते 749, चौकोनी असतील तर 1049 म्हणजे सुपर. एअर इंडियाची 8 जून 1948 ची मुंबई–कैरो–जिनिव्हा–लंडन पहिली फ्लाइट केलेलं मलबार प्रिन्सेस हे 749. तुमच्या मामांचं सुपर. पंखाची रुंदी दोन्हींची जवळजवळ सारखीच, 123 फूट, 1:72 ला 52 सेंटिमीटर. पण लांबीत फरक आहे, 749 साधारण 95 फूट म्हणजे 40 सेंटिमीटर, सुपर साडे-113 फूट धरा, 48 सेंटिमीटर. पंखाच्या पुढं नि मागं तुकडा घालून लांब केलेलं विमान आहे ते. म्हणजे गोल खिडकीचं ड्रॉइंग घेऊन ठोकळा कापलात तर आठ सेंटिमीटर कमी पडणार, नि नेव्हीवाल्या माणसाला ते दारातनंच दिसणार.

झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढताना फिट टू पेज बंद करायला सांगा, आणि प्रिंटवर पट्टी ठेवून पंख मोजूनच पैसे द्या. ए-थ्रीवर 52 मावत नाही, दोन कागद जोडावे लागतील.

आणि नुसत्या ड्रॉइंगवर कशाला थांबताय, गोव्याला जावा की. बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये अख्खं सुपर कॉन्स्टलेशन उभं आहे, रानी ऑफ एलोरा. चोर्ला घाटातनं सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. मामांना पण घेऊन जावा.

पटाशी आणि चहा:
मी फर्निचरवाला, विमानाचं कळत नाही पण वाकड्या पायांच्या खुर्च्या आयुष्यभर केल्यात, ते नि हे एकच काम आहे. असं करा. ठोकळा चारी बाजूंनी रंधा मारून काटकोनात आणा. बाजूच्या अंगावर साइड व्ह्यू चिकटवा, वरच्या अंगावर टॉप व्ह्यू. बँड सॉ वर आधी साइड व्ह्यू कापा. जे तुकडे सुटतील ते टाकू नका!! टेप लावून परत जागच्या जागी बसवा, म्हणजे ठोकळा परत चौकोनी होतो नि वरची रेघ पण शाबूत राहते. मग उलटा करून टॉप व्ह्यू कापा. टेप सोडलात की आत वाकडी बॉडी, चौकोनी पोटाची पण डावी-उजवी तंतोतंत.

मग नुसते कोपरे मारायचे, चाराचे आठ, आठाचे सोळा, मग कानस, मग पॉलिश पेपर 80, 120, 220.

पंखाची खाच मात्र बॉडी चौकोनी असतानाच पाडून घ्या. गोल झाल्यावर सपाट काय टेकवणार नि गुण्या कुठं लावणार. हे नवीन पोरं हमखास उलटं करतात.

जुना प्रवासी:
मेस्त्रींनी एकदम बरोबर सांगितलं. त्यात भर एवढीच की ह्या विमानाची बॉडी वाकडी असली तरी कुठंही आडवी कापली तर गोलच आहे, फक्त व्यास बदलत जातो. त्यामुळे पुठ्ठ्याचे अर्धगोल टेम्प्लेट कापून घ्या, ड्रॉइंगवर दर तीन-चार सेंटिमीटरला व्यास मोजून, आणि लावून बघत जावा. नाक खाली का, तर पंखे मोठे, 15 फुटांचे, जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच उभं करावं लागलं, मग पुढच्या चाकाचा पाय फार लांब व्हायला नको म्हणून नाकच खाली घेतलं. तीन शेपट्यांचं कारण उंची, एकच ठेवली असती तर तेव्हाच्या हँगरात शिरलं नसतं.

अनगोळकर:
मेस्त्री, मानलं तुम्हाला. तुकडे परत चिकटवायचं डोक्यात आलंच नसतं. खिडक्या बघितल्या, एकात गोल आहेत एकात चौकोनी, गोलवाला बाजूला ठेवला. आता लाकडाचं नि शेपट्यांचं सांगा.

पटाशी आणि चहा:
बॉडीला शिवण. हलकी, कोरायला मऊ, नि एकदा वाळली की फारशी हलत नाही. पंखाला सागवान घ्या, लांब बारीक काम आहे, ताकद पाहिजे, आणि नस पंखाच्या लांबीतच धावली पाहिजे. जुन्या वाशात मोडके खिळे असतात, आधी चुंबक फिरवा, नाहीतर बँड सॉ वाला पट्टीचे पैसे तुमच्याकडनं घेईल. सागवान तेलकट असतं, जोडायच्या आधी थिनरचं फडकं मारून लगेच फेव्हिकॉल, नाहीतर दोन वर्षांनी पंख हातात. सांध्यातनं पितळी सळी आरपार घाला, नुसत्या गोंदावर भरवसा नको.

शेपटीला एकच पातळ फळी घेतलीत तर नसेवरनं मोडणारच. विनिअरचे म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे तीन थर घ्या, मधला आडवा, दोन लाकडांत दाबून शिकंजा लावून रात्रभर ठेवा. 3 मिलिमीटरला पोचतंय नि मोडत नाही. कडेला तीन रेघा दिसतील, मला तर आवडतात.

इंजिनं लेथवर करा, ती सरळ आहेत, तुमचा टर्नर खूश होईल. त्यातच पुढून भोक पाडून घ्या पात्यांसाठी. पाती मला माहीत नाहीत.

जुना प्रवासी:
पाती अर्धा मिलिमीटर पितळी पत्र्याची. एक कापा नि तीच ठेवून बाकी अकरा आखा. पक्कडीत धरून जरासा पीळ द्या, सगळ्यांना एकाच बाजूला. 1:72 ला पंख्याचा व्यास सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर येतो, म्हणजे तसे मोठे दिसतात, बांबूची कामटी पण चालते, पण मशिन शॉपवाल्यानं बांबू का वापरावा.

खानापूर स्टेशन:
एक राहिलं. आत्ता आषाढ चाललाय, आमच्याकडे तर भिंती पण घाम गाळायल्यात. कोरकाम, जोडकाम आत्ता करा पण लॅकर मारू नका. दमट हवेत एनसी लॅकर मारलं की पांढरी झाक येते, धुकं बसल्यागत, नि ती काढायला परत सगळं घासायचं. सँडिंग सीलर नि लॅकर दसऱ्यानंतर, कोरड्या दिवशी दुपारी.

अनगोळकर:
दसरा ते दिवाळी, म्हणजे अगदी गळ्याशी येणार, पण ठीक आहे, पांढरं झालेलं मामा घेणार नाहीत. गोव्याचं घरी बोललो, मामी म्हणतायत ह्यांना नेलंत तर संध्याकाळी परत यायचं विसरा. तरी नेतो, शेपटीचे फोटो जवळनं काढून इथं टाकतो.

मेस्त्री, विनिअर अख्खं शीट घ्यायला परवडत नाही, एवढासाच पाहिजे. शहापूर-वडगाव भागात कुणाकडे कापलेले तुकडे असतील तर सांगा, येऊन घेऊन जातो.

पटाशी आणि चहा:
शिसमाचे आहेत, सागवानाचे संपले. शेपट्या गडद चालत असतील तर रविवारी दुपारनंतर या, सकाळी दुकान बंद. पत्ता मेसेज करतो.