उन्हाची वेळ टाळून मुलांना बेटावर नेण्याविषयी

गोव्यात लहान मुलांना घेऊन कुठे जावे, या प्रश्नावरील आधीच्या प्रतिसादांत पॅरासेलिंग आणि बनाना राइड या जलक्रीडांचीच चर्चा झाली आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मला मात्र मांडवी नदीतील चोडण आणि दिवाडी ही बेटे अधिक सोयीची वाटतात. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट हाच मुलांच्या दृष्टीने अर्धा कार्यक्रम असतो, कारण गाड्या आत कशा चढतात आणि समोरची फळी धक्क्यावर कशी टेकते हे पाहताना ती मोबाईल विसरतात (मोठ्यांना हे लगेच जमत नाही, ही गोष्ट वेगळी). चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य असून ते सुमारे १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचे जंगल आहे. ओहोटीच्या वेळी तेथील चिखलावर निवट्या मासे परांवर रेटा देत सरकतात, मध्येच उडी मारतात, आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले छोटे खेकडे ती वरखाली हलवत राहतात. यासाठी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ अवश्य पाहावी, कारण भरतीत हा चिखल पाण्याखाली जातो.

सकाळी अकरा ते दुपारी चार मुलांना उन्हात ठेवू नये. त्या वेळेत पणजीतील मिरामारचे विज्ञान केंद्र उत्तम. समुद्रस्नान संध्याकाळी, तेही जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यातच करावे. पावसाळ्यात मात्र मुलांना पाण्यात उतरवूच नये.